साहेब येण्याआधीचा रंग

"हॉलचं छत चार ठिकाणी गळतं, मुलांच्या टॉयलेटची भिंत हाताला ओली लागते आणि बॉयलर माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे," श्रद्धाने रविवारी दुपारी जेवताना जाहीर केले. तिच्या आवाजात इतका उत्साह होता की, ऐकणाऱ्याला मुलगी वर्गात पहिली आल्याची बातमी वाटावी.

तसे श्रद्धाचे दोष शोधण्यावर प्रेमच होते. ब्रिस्टलमधल्या एका विमानांच्या कंपनीत ती सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा तिला पगार मिळत असे. मुलीच्या, म्हणजे आठ वर्षांच्या अन्वीच्या प्रायमरी शाळेत ती पॅरेंट गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळावर पालकांची प्रतिनिधी, म्हणून निवडून आली, तेव्हा बाकीच्या गव्हर्नरांनी तिचा हा गुण ओळखला आणि प्रिमायसेस कमिटी, म्हणजे इमारतीची सगळी दुखणी, तिच्या गळ्यात टाकून ते मोकळे झाले. आठ महिने खपून तिने बासष्ट पानांचा प्रस्ताव तयार केला. कौन्सिलने छत, टॉयलेट आणि बॉयलरसाठी एकदाच काय ते पैसे द्यावेत, आणि शाळेने यापुढे दर वर्षी थोडी रक्कम बाजूला टाकून सिंकिंग फंड उभा करावा, म्हणजे पुन्हा कोणापुढे हात पसरायला नको. प्रस्ताव फेटाळला गेला तर ईस्टरनंतर हॉलला कुलूप लागणार होते. दोनशे तीस मुलांचे जेवण, असेंब्ली, पीई, नाताळचे नाटक, सगळे त्या एका हॉलमध्ये होत असे. हॉल गेला की आईबाप मुले काढून घेणार आणि दोन-चार वर्षांत शाळाच जाणार, हे श्रद्धाला स्वच्छ दिसत होते. ते होऊ द्यायचे नाही, असे तिने ठरवले होते आणि तिने ठरवले की घरातले बाकीचे तीन जण सहसा वाद घालत नसत.

"इन्स्पेक्शन कधी आहे?" पुरुषोत्तमरावांनी विचारले. हे तिचे सासरे. सरकारी बांधकाम खात्यात चौतीस वर्षे काढून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले आणि आता सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून मुलाकडे आलेले.

"हाफ-टर्मची आठवड्याची सुटी संपली की सोमवारी. कौन्सिलचा सर्व्हेअर येणार, अडतीस शाळा बघून झाल्यावर मार्क देणार. जितकी बिल्डिंग वाईट तितके मार्क जास्त. पहिल्या तीन शाळांनाच पैसे."

पुरुषोत्तमराव समजूतदारपणे हसले. "असं कागदावर असतं."

"अहो बाबा, खरंच तसं आहे."

"असेल. इमारतीचा इनचार्ज कोण?"

"प्रिमायसेसची चेअर मीच."

पुरुषोत्तमरावांच्या हातातला घास ताटात परत गेला. चौतीस वर्षांत त्यांनी इन्स्पेक्शने थोडीथोडकी पाहिली नव्हती. साहेब येतो, गळके छत पाहतो, इनचार्जचे नाव विचारतो आणि पुढच्या महिन्यात इनचार्जची बदली होते. छत तिथेच गळत राहते. ही पोरगी साहेबाला हाताला धरून एकेक गळती दाखवायला निघाली होती, आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे यतीनला, त्याचे काही वाटत नव्हते. तो कोशिंबीर वाढून घेत होता. पुरुषोत्तमरावांना सूनबाईची मनापासून काळजी वाटली. आपण इथे असताना तिच्यावर बालंट येऊ द्यायचे नाही, असे त्यांनीही तिथल्या तिथे ठरवले. एका घरात दोन माणसांनी एकाच वेळी ठरवणे बरे नसते.

हाफ-टर्मची सुटी लागली. श्रद्धा कामासाठी आठवडाभर साउथहॅम्प्टनला गेली. यतीन कानाला हेडफोन लावून घरात असून नसल्यासारखा होता. अन्वीला सकाळी हॉलिडे क्लबला सोडायचे काम पुरुषोत्तमरावांकडे आले आणि परतीच्या वाटेवर शाळा होती.

शाळेच्या फाटकात त्यांना कीथ भेटला. कीथ हा शाळेचा केअरटेकर. एकोणीस वर्षे त्याने ती इमारत सांभाळली होती आणि कोणी परका माणूस येऊन आपल्या हॉलमधल्या निळ्या बादल्या बघणार या कल्पनेने त्याचा जीव खालीवर होत होता.

"एकेका गळतीखाली दोन-तीन, अशा अकरा बादल्या आहेत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पाऊस आला की मी रात्री झोपेतसुद्धा त्या मोजतो, मिस्टर पी." पुरुषोत्तम हे नाव त्याला झेपत नव्हते.

"रंग आहे?" मिस्टर पींनी विचारले.

रंग होता. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी मागवलेला, मॅग्नोलिया नावाचा सायीच्या रंगाचा रंग, डाग झाकणाऱ्या अस्तरासकट, स्टोअररूममध्ये तसाच पडून होता. पुरुषोत्तमरावांनी व्हिजिटर बुकमध्ये पूर्ण नाव लिहिले, पुढे 'कार्यकारी अभियंता (निवृत्त)' असे लिहिले, येण्याचे कारण या रकान्यात 'पूर्वतयारी' लिहिले आणि कोट काढून ठेवला.

खरे म्हणजे त्यांना फक्त छतावरचे चार डाग झाकायचे होते. पण चार डाग झाकल्यावर तिथे चार लख्ख चौकोन दिसू लागले आणि बाकीचे छत कळकट वाटायला लागले. म्हणून सगळे छत रंगवले. मग भिंती डोळ्यांत खुपू लागल्या, म्हणून भिंती घेतल्या. भिंती झाल्यावर हॉलमधून कॉरिडॉरमध्ये पाऊल टाकणे अशक्य झाले. बुधवारी टॉयलेटची ओली भिंत कीथने हीटर लावून सुकवली आणि गुरुवारी तीही मॅग्नोलिया झाली. गच्चीवर कीथने ताडपत्री बांधली आणि पन्हळीतला पालापाचोळा काढला. शुक्रवारी रिकाम्या बादल्यांचा प्रश्न आला. पुरुषोत्तमरावांनी त्यांत माती भरून पॅन्सीची रोपे लावायला सांगितली आणि अकरा निळ्या कुंड्या फाटकापासून दारापर्यंत दोन ओळींत मांडून घेतल्या.

शनिवारी दोघे फाटकाबाहेर उभे राहून काम न्याहाळत होते.

"सुंदर," कीथचे डोळे भरून आले होते.

"झाडं राहिली," पुरुषोत्तमराव म्हणाले.

"झाडांना काय झालं?"

"साहेब येणार आणि झाडांना पट्टे नाहीत?"

कीथला या प्रश्नाचे उत्तर माहीत नव्हते, कारण त्याला हा प्रश्नच माहीत नव्हता. पण गेल्या सहा दिवसांत या माणसाचे एकही म्हणणे खोटे ठरले नव्हते. शाळेसमोर सात मोठी झाडे होती. ब्रिस्टलमध्ये गेरू कुठून मिळणार? म्हणून कुंपणाचा तपकिरी रंग घेतला, चुन्याऐवजी उरलेले पांढरे अस्तर घेतले आणि सातही झाडांना कमरेएवढ्या उंचीपर्यंत आधी पांढरा, वर तपकिरी असे पट्टे ओढले. फुटपाथच्या कडेचे दगडही एकाआड एक रंगवून झाले. रविवारी पुरुषोत्तमराव घरी शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसले. साउथहॅम्प्टनहून आलेल्या श्रद्धाला ते फक्त एवढेच म्हणाले, "उद्याची काळजी करू नकोस."

सोमवारी पहाटेपासून मुसळधार पाऊस होता. श्रद्धा खूश होती. साडेआठला ती छत्री घेऊन शाळेच्या कोपऱ्यावर वळली आणि तिला पहिले झाड दिसले. मग दुसरे दिसले. पुढची पाच झाडे तिने धावतच पार केली. असे पट्टे मारणारा माणूस अख्ख्या ब्रिस्टलमध्ये एकच होता आणि तो आता तिच्या स्वयंपाकघरात चहा पीत असणार होता.

दारात हेडटीचर आनंदाने उभ्या होत्या. "श्रद्धा, तुमचे सासरे ग्रेट आहेत! हॉल बघितला का?"

श्रद्धाने हॉल बघितला. बाहेर धो धो पाऊस आणि आत एक थेंब नाही. छत नव्या कोऱ्या बशीसारखे चकचकीत. तिने फोन लावला.

"बाबा, तुम्ही काय करून ठेवलंत हे!"

"आवडलं ना? आता तू निर्धास्त राहा. मी पोहे करायला घेतलेत, साहेबाची चहाची वेळ झाली की घेऊन येतो."

"अहो, साहेबाला घाण दाखवायची होती मला!"

"अगं, घाण काय, ती पुन्हा होतेच. इन्स्पेक्शन पुन्हा होत नाही." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला, कारण कढईत मोहरी तडतडत होती.

साडेनऊला सर्व्हेअर आला. मिस्टर हॅलम, उंच, हडकुळा, गळ्यात टॉर्च आणि हातात भिंतीतली ओल मोजायचे छोटे यंत्र. त्याने छताकडे पाहिले आणि फॉर्मवर खूण केली.

"काय लिहिलंत?" श्रद्धाने विचारले.

"गुड."

"गुड नाहीये! प्लीज, ते फार वाईट आहे!"

"मॅडम, मला तर उत्तम दिसतंय."

"माझ्याकडे फोटो आहेत. हे बघा, बादल्या. हे बघा, इथे प्लास्टर पडलं होतं."

"फोटो कुठल्याही शाळेचे असू शकतात. मी जे बघतो तेच लिहितो." त्याने भिंतींपुढे दुसरी खूण केली.

श्रद्धा हार मानणाऱ्यांतली नव्हती. तिने पर्समधली पट्टी काढली, जेवणाच्या टेबलावर चढली आणि पट्टीच्या कडेने छत खरवडू लागली. अस्तर अव्वल दर्जाचे होते. खाली पांढरी भुकटी तेवढी पडली आणि मिस्टर हॅलमने वाकून तिचा वास घेतला.

"हे कधी रंगवलंय?"

"मागच्या आठवड्यात," श्रद्धा टेबलावरून उत्साहाने म्हणाली. "तेच तर सांगतेय मी! सगळं रंगवलंय! खाली सगळं सडलेलं आहे!"

मिस्टर हॅलमचा चेहरा बदलला. त्याने खिडकीतून झाडांकडे पाहिले, मग दगडांकडे, मग पुन्हा छताकडे. "छप्पर दुरुस्त करायला पैसे नाहीत अशी शाळा झाडं रंगवते?"

"ती आमची... म्हणजे ती एक पद्धत आहे."

"सर्व्हेच्या तोंडावर कोणी इतका रंग मारतं तेव्हा काहीतरी भयंकर लपवलेलं असतं. हे छत कशाचं आहे? ते हलकं पोकळ काँक्रीट तर नाही ना, जे अचानक कोसळतं?"

ते कशाचे होते हे बासष्ट पानांत नव्हते. शाळेच्या जुन्या नकाशांची फाइल कधीतरी पाण्यात भिजून गेली होती, तीही याच छताच्या कृपेने. श्रद्धाने तसे सांगितले आणि सांगता सांगताच आपण खड्डा आणखी खोल खणतोय हे तिला समजले. मिस्टर हॅलमने फॉर्मवरचे 'गुड' खोडले, बॅगेतून लाल-पांढरी फीत काढली आणि हॉलच्या दाराला लावायला सुरुवात केली.

"खात्री होईपर्यंत हॉल बंद. आणि माहिती लपवली असेल तर तुमचा अर्ज बाद होतो, हे मला लिहावं लागेल. इमारतीची जबाबदारी कोणाची?"

बारा वाजता दोनशे तीस मुले जेवायला येणार होती. ईस्टरला लागायचे कुलूप नोव्हेंबरातच लागत होते. श्रद्धा टेबलावरून खाली उतरली. "माझी," ती म्हणाली.

नेमके तेव्हाच पुरुषोत्तमराव आत आले. अंगावर सूट, एका हातात पोह्यांचा डबा, दुसऱ्या हातात सुपरमार्केटातला पुष्पगुच्छ, आणि मागे छत्री धरून कीथ. त्यांनी फीत पाहिली, सर्व्हेअरच्या हातातला फॉर्म पाहिला आणि सूनबाईचा चेहरा पाहिला. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. बदलीचा कागद हातात पडलेल्या कितीतरी ज्युनियर इंजिनियरांचा चेहरा असाच असे.

चौतीस वर्षांत पुरुषोत्तमरावांनी कुठल्याही चौकशीत एकच उत्तर दिले होते: माहिती घेऊन कळवतो. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेही. त्यांनी ते गिळले.

"सर, तिची काही चूक नाही," ते त्यांच्या खणखणीत सरकारी इंग्रजीत म्हणाले. "ती गावाला गेली होती. लपवलं ते मी."

"मी पण," कीथ म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस, तुझी नोकरी चालू आहे." मग पुन्हा सर्व्हेअरकडे वळून, "काय काय लपवलं ते दाखवतो. यंत्र घ्या."

ते तडक स्टेजच्या डाव्या बाजूला गेले. "इथे. साडेतीन फूट बाय दोन. तपकिरी डाग, आणि बोट दाबलं की प्लास्टर आत जातं." मिस्टर हॅलमने भिंतीला यंत्र लावले. काहीच झाले नाही. "तिथे नाही, एक वीत उजवीकडे," पुरुषोत्तमराव म्हणाले. यंत्र कर्कश ओरडले आणि त्यावरचा लाल दिवा लागला.

मग यंत्र ओरडतच सुटले. छतातल्या चार जागा त्यांनी डोळे मिटून सांगितल्या असत्या. वर चढून ताडपत्री सोडायला त्यांनी कीथला पाठवले आणि पाच मिनिटांत हॉलमध्ये पहिला थेंब पडला. तो मिस्टर हॅलमच्या फॉर्मवर पडला. श्रद्धाला इतके बरे वाटले की तिने टिश्यूसुद्धा पुढे केला नाही.

"आणि काँक्रीटची भीती नको. वर लाकडी तुळया आहेत, त्यावर फळ्या, त्यावर डांबरी फेल्ट. मी ठोकून बघितलंय. दोन तुळयांची टोकं मात्र कुजलीत, या कोपऱ्यात. तेवढा कोपरा बंद करा, बाकी हॉलला धोका नाही."

मिस्टर हॅलमने शिडीवर चढून एक फळी सरकवली, टॉर्च मारला आणि बराच वेळ आत बघत राहिला. "टोकं कुजलीत," तो खाली येत म्हणाला. "तुळया लाकडीच आहेत." त्याने दारावरची फीत काढली आणि कोपऱ्यापुरती बांधली.

पण पुरुषोत्तमराव आता थांबायला तयार नव्हते. खिडकीच्या चौकटी, जिन्याखालची भेग, मुलांच्या कोट टांगायच्या भिंतीत आत गेलेला पाइप. श्रद्धा मागून चालत प्रस्तावाची पाने उलटत होती.

"बाबा, हे माझ्या फाइलमध्ये नाहीये!"

"हेही नसेल," ते म्हणाले आणि कपाट सरकवून आणखी एक ओल दाखवली. अशा सात गोष्टी निघाल्या. दोष शोधण्याचा पगार घेणाऱ्या बाईला हे जरा लागले.

"मी आठ महिने बघत होते. तुम्हाला सहा दिवसांत कसं दिसलं?"

"तू काय बिघडलंय ते बघत होतीस. मी काय काय झाकावं लागेल ते बघत होतो. त्याला नजर जास्त बारीक लागते."

पोहे मिस्टर हॅलमने नियमावर बोट ठेवून नाकारले आणि वीस मिनिटांनी भूक लागल्यावर शाळेचा चमचा मागून घेतला. पुष्पगुच्छ हेडटीचरांना गेला. केलेल्या कामाचे निवेदन पुरुषोत्तमरावांनी स्वतःच्या हाताने लिहून दिले आणि खाली सही केली. असला कागद त्यांनी जन्मात कधी लिहिला नव्हता. मिस्टर हॅलमच्या फॉर्मवर शेवटी 'परिसर' असा एक रकाना होता. तो खूप विचार करून त्याने भरला: सात झाडे, कारण समजले नाही.

दुपारी पाऊस थांबल्यावर सासरे आणि सून घरी चालत निघाले.

"मला वाटलं तुझी बदली करतील," पुरुषोत्तमराव म्हणाले.

"अहो बाबा, मी गव्हर्नर आहे. व्हॉलंटिअर. मला कोणी पगारसुद्धा देत नाही."

"मग तर जास्तच भीती. बिनपगारी माणसावर खापर फोडायला कोणाची परवानगी लागत नाही." थोड्या वेळाने ते म्हणाले, "रागावलीस?"

"खूप," श्रद्धा म्हणाली. "पण माझ्यासाठी कोणी इतकं खोटं कधी रंगवलं नव्हतं."

कौन्सिलचे पत्र जानेवारीच्या शेवटी आले. छत, टॉयलेट, बॉयलर आणि यादीबाहेरच्या सातही गोष्टी मंजूर झाल्या होत्या. त्या सात गोष्टींचा खर्च वाचून गव्हर्नर इतके हादरले की त्यांनी सिंकिंग फंडाचा ठरावही चर्चेशिवाय पास केला. घरात श्रीखंड आले. जेवण झाल्यावर पुरुषोत्तमरावांना राहवेना. त्यांनी खात्यातले जुने सहकारी नंदू यांना साताऱ्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावे म्हणून स्पीकर चालू केला.

"नंदू, सूनबाईची शाळा पहिली आली! अडतीस शाळांत सगळ्यात वाईट इमारत! रिपोर्टात तसं लिहून दिलंय साहेबानं."

"अरेरे," पलीकडून नंदू म्हणाले. "मग? तिच्यावर चौकशी लागली?"

"छे! पैसे दिले."

"कोणी कोणाला?"

"कौन्सिलनं शाळेला. मागितले त्यापेक्षा जास्त!"

"आणि तू मागे सांगितलंस ते, रंगवून झाकलेलं? ते सापडलं नाही ना?"

"मीच सांगितलं. सगळं दाखवलं. माझ्या सहीनं लेखी दिलं."

फोन कट झाला असे वाटून पुरुषोत्तमरावांनी तो हलवून पाहिला.

"लेखी?" नंदूंचा आवाज एकदम हळू झाला होता. "तू?"

"हो. साहेबानं हात मिळवला आणि थँक यू म्हणाला."

"बरं, बरं. फार छान. पुरुषोत्तम, यतीन आहे का रे घरात?"

"हा काय, समोरच बसलाय. का?"

"जरा फोन दे त्याच्याकडे. आणि तो स्पीकर बंद कर."

यतीनने फोन कानाला लावला. "हं, बोला काका."

"यतीन," नंदूकाका कुजबुजले, "हे कधीपासून चालू आहे? डॉक्टरला दाखवलंत का?"